शिडीची पायरी सांगितली म्हणजे सल्लागार मंडळ कळलं, असं नाही

लोकसहभागावरचा कुठलाही सिनॉप्सिस उघडा. दुसऱ्या प्रकरणात शेरी आर्नस्टाइन भेटतातच. मग आठ पायऱ्यांच्या शिडीची आकृती येते, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘सदर मंडळ सल्लामसलतीच्या पायरीवर आढळते, म्हणून सहभाग नावापुरता आहे.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध, संदर्भ पक्का, गाईडचीही हरकत नसते. पण हे वाक्य फील्डवर न जातासुद्धा लिहिता आलं असतं. सल्लागार मंडळाकडे निर्णयाचा अधिकार नसतो हे त्याच्या नावातच आहे. ते शोधायला तीन वर्षं कशाला हवीत?

आजची पोस्ट या शिडीच्या वापरावर आहे. उदाहरण घेतोय ते शहरातल्या ज्येष्ठांच्या सल्लागार मंडळाचं, म्हणजे साठीपुढचे रहिवासी जिथे बसून नगरपालिकेला मत देतात त्या मंडळाचं. माझं म्हणणं थोडक्यात असं: अशा मंडळाबद्दल ‘त्याच्याकडे किती सत्ता आहे?’ हा प्रश्न फारसं काही सांगत नाही. ‘त्याचं न ऐकल्यास नगरपालिकेला काय किंमत मोजावी लागते?’ हा प्रश्न बरंच सांगतो. आणि शिडीवर नेमका हाच प्रश्न विचारायला जागा नाही.

आधी शिडीची बाजू

टीका करण्याआधी मूळ लेख वाचा. खरंच वाचा, आकृती पाहून पुढे जाऊ नका. आर्नस्टाइन यांनी अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्यात नागरिक सहभागाच्या मुख्य सल्लागार म्हणून काम केलं होतं. १९६९ साली त्यांचा लेख नियोजनकारांच्या संस्थेच्या जर्नलमध्ये आला. त्यांच्यासमोर होती ती शहरं, जिथे ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या पाडल्या जात होत्या, आणि ‘लोकांना विचारलं’ हे दाखवायला समित्या नेमल्या जात होत्या.

खालून वर जाताना त्यांच्या पायऱ्या अशा: लोकांना हाताळणं, त्यांच्यावर ‘उपचार’ करणं, माहिती देणं, सल्लामसलत, समजूत काढणं, भागीदारी, सोपवलेली सत्ता, आणि नागरिकांचं नियंत्रण. पहिल्या दोन म्हणजे सहभागच नाही, मधल्या तीन म्हणजे नावापुरता सहभाग, वरच्या तीन म्हणजे नागरिकांची सत्ता. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट: सगळ्यात खालच्या पायरीचं उदाहरण म्हणून त्यांनी शिक्का मारण्यापुरत्या सल्लागार समित्याच घेतल्या आहेत. तेव्हा सल्लागार मंडळांबद्दलचा त्यांचा संशय हवेतून आलेला नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी आकृती कॉपी करताना गळून पडते. शिडी ही ढोबळ मांडणी आहे हे त्यांनी स्वतःच त्याच लेखात सांगितलंय. सत्ताधारी एकजिनसी नसतात, सत्ताहीनही नसतात. प्रत्यक्षात पायऱ्या दीडशेसुद्धा असू शकतात आणि त्यांच्यातल्या सीमा इतक्या स्वच्छ नसतात, असंही त्या म्हणतात. म्हणजे लेखिका सावध होती. बेसावध आपण आहोत.

उदाहरण डेन्मार्कचं, कारण तिथे कायदा आहे

ज्येष्ठांच्या मंडळाचा अभ्यास करायचा तर डेन्मार्क सोयीचं पडतं. तिथे अशी मंडळं आधी काही नगरपालिकांनी आपणहून स्थापन केली होती. १९९७ पासून ती प्रत्येक नगरपालिकेला कायद्याने बंधनकारक झाली. आज देशात ९८ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीत एक ज्येष्ठ परिषद आहे.

नियम मोजकेच आहेत. परिषदेत किमान पाच सदस्य. ते थेट निवडणुकीने येतात. त्या नगरपालिकेत राहणाऱ्या साठ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मतदानाचा आणि उभं राहण्याचा हक्क आहे. मुदत चार वर्षं. खर्च नगरपालिकेचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: ज्येष्ठांशी संबंधित प्रत्येक प्रस्तावावर निर्णय घेण्यापूर्वी नगरपालिकेने परिषदेचं मत मागवलंच पाहिजे.

परिषदेला काय करता येत नाही, तेही पाहा. तिला नकाराधिकार नाही. स्वतःचा निधी वाटायचा अधिकार नाही. एखाद्या आजोबांना घरकामाची मदत का नाकारली, अशी वैयक्तिक प्रकरणं ती हाताळत नाही. ती फक्त मत देते. म्हणजे शिडीवर ही परिषद कुठे? सल्लामसलत. नावापुरता सहभाग. संपलं.

आता शेजारी दुसरं मंडळ ठेवा. कल्पना करा, एका शहरात आयुक्तांनी मनात आलं म्हणून वीस ज्येष्ठांची समिती नेमली. वर्षातून दोन बैठका, चहा-बिस्किटं, सूचना ऐकल्या जातात, इतिवृत्त कुणी मागत नाही. शिडीवर ही समिती कुठे? तीही सल्लामसलतीवर, फार तर समजूत काढण्याच्या पायरीवर. दोन्ही मंडळं एकाच गटात पडली. जे मोजमाप या दोघांमध्ये फरक दाखवत नाही, ते मंडळांच्या अभ्यासाला अपुरं आहे, एवढं तरी मान्य करावं लागेल.

पायरी एक, फरक चार

फरक नेमका कुठे आहे? एक साधं उदाहरण घेऊ. डॅनिश नगरपालिका घरी येऊन मदत पुरवतात: साफसफाई, अंघोळ, औषधं. कुणाला किती मदत द्यायची, किती दिवसांनी द्यायची, हे वर्षानुवर्षं प्रत्येक नगरपालिका एका लिखित दर्जापत्रकात ठरवत आली आहे. समजा, खर्च वाचवायला एका नगरपालिकेने ठरवलं की साफसफाई दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी करायची. कागदावर हा एका आकड्याचा बदल. पण गुडघे गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या ८६ वर्षांच्या बाईसाठी तो अख्खा आठवडा असतो. पुढे काय होतं ते चार ठिकाणी बघा.

पहिलं, वेळ. प्रस्ताव परिषदेकडे कधी येतो? डेन्मार्कमध्ये अंदाजपत्रकाचा मसुदा १५ सप्टेंबरपर्यंत सभागृहापुढे यावा लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत मंजूर व्हावा लागतो. कपातीचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये आला तर परिषद माणसांशी बोलून अभिप्राय लिहू शकते. ऐन वेळी आठ दिवसांची मुदत देऊन आला, तर कायदा पाळला जातो आणि अभिप्राय मात्र घाईचा होतो. दोन्ही वेळा शिडीवरची पायरी तीच.

दुसरं, कागद. परिषदेचा अभिप्राय लेखी असतो आणि प्रस्तावाच्या फाईलसोबत नगरसेवकांपुढे जातो. अशी कागदपत्रं सार्वजनिक असतात. म्हणजे स्थानिक पत्रकाराला, विरोधी पक्षाला, संघटनेला तो आयताच मिळतो. ‘ज्येष्ठांच्या निवडून आलेल्या परिषदेने विरोध केला, तरी तुम्ही कपात केलीत’ हे वाक्य निवडणुकीत बोचतं. कारण साठीपुढचे मतदार मतदानाला येतात.

तिसरं, चूक झाल्यावर काय. परिषदेला न विचारता निर्णय घेतला तर तो आपोआप रद्द होत नाही. पण नगरपालिकांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्ययंत्रणेकडे तक्रार करता येते. नगरपालिकेने कायद्याचं कर्तव्य चुकवलं, असा शेरा कोणत्याही अधिकाऱ्याला नको असतो. आयुक्तांच्या मर्जीवरच्या समितीला न विचारल्यास कुणाचं काय बिघडतं? काहीच नाही.

चौथं, आणि मला सगळ्यात रंजक वाटणारं: न लिहिले गेलेले प्रस्ताव. राज्यशास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिश यांनी मांडलेली एक जुनी कल्पना आहे. माणूस समोरच्याची प्रतिक्रिया आधीच ओळखून आपलं वागणं बदलतो, आणि म्हणून प्रभाव अनेकदा दिसतच नाही. बॅकरॅक आणि बॅराट्झ यांचा ‘सत्तेचे दोन चेहरे’ हा १९६२ चा लेखही सांगतो की काय चर्चेला आलंच नाही, हे पाहिल्याशिवाय सत्ता कळत नाही. हेच इथे लावा. परिषदेला विचारावं लागणार, ती विरोध करणार, तो विरोध छापून येणार, हे माहीत असलेला अधिकारी प्रस्ताव पाठवण्याआधीच सौम्य करतो किंवा मागे ठेवतो. परिषदेच्या इतिवृत्तात याची एक ओळही नसते. उलट जे प्रस्ताव तिच्यापर्यंत पोहोचतात ते नगरपालिकेने रेटायचंच ठरवलेले असतात, म्हणून तिथे परिषद हरताना दिसते. ‘दहापैकी आठ वेळा अभिप्राय डावलला गेला’ असा तक्ता करून निष्कर्ष काढणाऱ्याने ही गोष्ट आधी विचारात घ्यावी.

या चारही गोष्टी एका धाग्यात येतात. वेळ, कागद, देखरेख आणि आगाऊ धास्ती यांतून न ऐकण्याची किंमत ठरते. किंमत शून्य असेल तर मंडळ शोभेचं. किंमत असेल, तर अधिकार नसतानाही मंडळ काम करतं.

शिडीचे टीकाकार कुठवर नेतात

शिडीवर टीका करणारे आपण पहिले नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये दोन लेख जरूर घ्या.

ट्रिटर आणि मॅकॅलम यांनी २००६ मध्ये आरोग्यसेवेतल्या सहभागाबद्दल लिहिताना शिडीला सापशिडीची उपमा दिली. त्यांचा मुद्दा असा की शिडी फक्त सत्तेच्या हस्तांतराकडे बघते. सहभागाची पद्धत, सहभागी होणाऱ्यांमधलं वैविध्य, त्यांना मिळणारं उत्तर, हे सगळं सुटतं. मुद्दा बिनतोड आहे. पण शिडीऐवजी ते जे चित्र सुचवतात, ते मोझेइकचं, म्हणजे अनेक तुकड्यांचं. वाचायला सुंदर, फील्डवर नेलं की हातात धरायला काही नाही.

त्याच वर्षी आर्चन फंग यांनी तीन अक्षांचा ‘घन’ मांडला: कोण सहभागी होतं, ते आपसात कसं बोलतात व ठरवतात, आणि त्या बोलण्याचा सत्तेशी संबंध काय. आपल्या कामाला हा जास्त उपयोगी, कारण ‘कोण’ हा प्रश्न तो ‘किती सत्ता’पासून वेगळा काढतो. पण तिसऱ्या अक्षावर फंग पुन्हा आपल्याला एका बिंदूवर उभं करतात: इथे सल्ला, तिथे थेट अधिकार. सल्ला नाकारणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे त्या बिंदूवरून दिसत नाही. दोन्ही टीका वाचण्यासारख्या आहेत, पण दोन्ही मंडळाकडे बघतात. नगरपालिकेच्या बाजूने, फाईल हाताळणाऱ्याच्या खुर्चीतून, कुणी बघत नाही.

माझ्या कसोटीतल्या अडचणी

आता ‘किंमत’ ही कसोटीही जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात किमान दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा: किंमत कुणासाठी वसूल होतेय? साठीला मतदानाचा हक्क मिळतो, पण डेन्मार्कमध्ये निवृत्तिवेतनाचं वय सध्या ६७ आहे. म्हणजे परिषदेच्या मतदारांत अजून नोकरी करणारेही आहेत. घरी मदत घेणारे मात्र बहुतेक ऐंशीच्या पुढचे. बैठकीला सायकलवर येणारे ६८ वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक आणि स्मृतिभ्रंश झालेल्या ९० वर्षांच्या बाई, दोघेही ‘ज्येष्ठ’. हाना पिटकिन यांनी १९६७ च्या पुस्तकात केलेला भेद इथे लागतो: एखाद्यासारखं असणं वेगळं आणि त्याच्या वतीने काम करणं वेगळं. शिवाय काही ठिकाणी जागा जितक्या तितकेच उमेदवार असतात आणि मतदानाची वेळच येत नाही. परिषदेचा धाक मोठा असेल, पण तो धाक पार्किंगसाठीच वापरला जात असेल, तर अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरा खड्डा: सवय. प्रत्येक प्रस्तावावर मत मागवणं बंधनकारक असलं की मत मागवणं हाच दिनक्रम होतो. परिषदेच्या मदतीला सहसा नगरपालिकेचाच कर्मचारी असतो. कागदांचे गठ्ठे येतात, अभिप्राय जातात, ‘नोंद घेतली’ असा शेरा येतो. हळूहळू परिषद नगरपालिकेच्याच भाषेत लिहू लागते. आर्नस्टाइन यांनी खालच्या पायऱ्यांबद्दल दिलेला इशारा इथे परत येतो आणि तो खराच असतो. फरक एवढाच की, अशी घसरण झाली का हे कागद वाचून सिद्ध करावं लागतं. पायरीच्या नावावरून ते ठरत नाही.

आपल्याकडे हे कुठे लागतं

डेन्मार्क श्रीमंत, लहान, तिथल्या नगरपालिका स्वतः आयकर लावतात आणि ज्येष्ठांची काळजी हे त्यांचं थेट काम. आपल्या महापालिकांचं तसं नाही. म्हणून ‘डेन्मार्कसारखी परिषद आपल्याकडेही हवी’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहू नका. उचलायचा तो प्रश्न.

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे. संघ काय करतात? महापौरांना, आयुक्तांना निवेदन देतात. फोटो निघतो. १ ऑक्टोबरला शाल-श्रीफळ मिळतं. यावर ‘नावापुरता सहभाग’ असा शिक्का मारणं सोपं आहे. त्याऐवजी त्या निवेदनाचा पाठलाग करा. ते आवक नोंदीत चढलं का? कुठल्या विभागाकडे गेलं? फाईलवर टिपणी कुणी लिहिली? फुटपाथ उंच आहे, बसची पायरी चढवत नाही, बागेत स्वच्छतागृह नाही, या मागण्यांचं उत्तर न देणाऱ्याला काही विचारणारं कुणी आहे का?

कायद्यात दोन दारं आहेत. एक, प्रभाग समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार तीन लाखांवरच्या शहरांत ती असावी लागते, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ प्रमाणे तीत स्वयंसेवी व समाजाधारित संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेता येतात. ज्येष्ठ संघाचा माणूस तिथे बसतो का, बसला तर इतिवृत्तात त्याचं नाव कुठल्या विषयांवर येतं, हा अख्खा एक पेपर आहे.

दुसरं दार माहिती अधिकाराचं. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयाने आपणहून सतरा बाबी जाहीर करायच्या असतात. त्यातली एक म्हणजे धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत करण्याची काय व्यवस्था आहे, आणि दुसरी म्हणजे सल्ला देणारी मंडळं-समित्या कोणत्या व त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का. त्याच कलमात, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं देण्याचं कर्तव्यही आहे. अर्जात ‘सहभागाची माहिती द्यावी’ असं मोघम लिहाल तर मोघम उत्तर येईल. या बाबींचा स्पष्ट उल्लेख करा.

आणि एक प्रश्न आपल्या शहरांनी आयताच पुरवलाय. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे बरीच वर्षं निवडणुका न होता प्रशासक कारभार पाहत राहिले. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. नगरसेवकच नसताना निवेदनाचं वजन कशावर ठरतं? त्या काळात निवेदनं कमी झाली, वाढली, की आमदारांकडे वळली? त्याआधीचा आणि नंतरचा काळ शेजारी ठेवला, तर न ऐकण्याच्या किमतीत निवडणुकीचा वाटा किती, हे पाहता येईल. अशी तुलना मुद्दाम घडवून आणता येत नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

मंडळ कुठलंही असो, महिलांचं, दिव्यांगांचं, फेरीवाल्यांचं, पुढचे पाच प्रश्न वहीत लिहून मग फील्डवर जा:

१. मंडळाला विचारणं कुणाच्या मर्जीवर आहे की नियमाने बांधलेलं आहे?
२. प्रस्ताव तयार होण्याच्या कोणत्या टप्प्यावर विचारलं जातं, आणि किती दिवस दिले जातात?
३. मत लेखी असतं का, आणि ते निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचतं का?
४. मत डावललं तर कारण कुणाला, कुठे द्यावं लागतं?
५. मंडळात बसलेल्यांपेक्षा जास्त त्रासात असलेले कोण आहेत, आणि त्यांचं म्हणणं मंडळापर्यंत कसं येतं?

मुलाखतींत मंडळाच्या सदस्यांइतकाच वेळ फाईल हाताळणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला द्या. त्याला विचारा, ‘यांना विचारावं लागणार म्हणून तुम्ही कधी काही बदललंत का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी तो डेटा आहे. ‘हो’ आलं तर मसुद्याच्या आधीच्या प्रती मागा, नाहीतर दिसत नसलेल्या प्रभावाच्या नावाखाली काहीही सिद्ध करता येतं.

शिडी हवी तर ठेवा. पहिल्या प्रकरणात, इतिहास म्हणून, तिच्या लेखिकेच्या सावधगिरीसह. निष्कर्षाच्या प्रकरणात मात्र ती आणू नका. ‘नावापुरता’ हा शब्द आपण फार स्वस्तात लिहितो. कुठल्याशा संघाचे ७४ वर्षांचे सचिव अकराव्यांदा निवेदन टाईप करून घेऊन महापालिकेचा जिना चढत असतात. त्यांच्या त्या कागदाचं पुढे काय झालं हे आपण शोधलं नाही, आणि तरी तो शब्द लिहिला, तर नावापुरतं आपलं संशोधनच ठरेल.